गटासाठी प्रिंटर घेताना

आज बोलायचे आहे प्रिंटरविषयी. हा काय बायकांचा विषय, असे कुणी म्हणेल. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाची कर्जाची फाईल बँकेत दहा दिवस उशिरा गेली, ती याच विषयापायी. बाराजणींचे आधार, पासबुकाचे पहिले पान आणि प्रत्येकीचे दोन फोटो, एवढेच जोडायचे होते. गावात झेरॉक्स नाही. तालुक्याला अर्ध्या तिकिटात जाता येते हे खरे, पण खुरपणीच्या दिवसांत बुडालेला रोज कोण भरून देणार? एक-एक करून सगळ्या जाऊन येईपर्यंत दहा दिवस गेले आणि शेळ्या घ्यायचा बाजार हुकला.

तेव्हा ग्रामसंघाच्या बैठकीत ठरले, आपलाच प्रिंटर घ्यायचा. आम्ही दोघी-तिघी दुकानात गेलो आणि सगळ्यांत स्वस्त होता तो उचलून आणला. 3,600 रुपये. पैसे वाचवले म्हणून बैठकीत टाळ्यासुद्धा झाल्या. महिनाभरात काळी शाई संपली. नवी कार्ट्रिज, म्हणजे शाईची छोटी डबी, 840 रुपयांना. तिच्यावर आमची मोजून 95 पाने निघाली. हिशोब करा, एका पानाला जवळपास नऊ रुपये, आणि कागद वेगळा. तालुक्यात झेरॉक्स मिळते दोन रुपयांना. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच पुढच्या बैठकीत आम्हांला धारेवर धरले, आणि ते बरोबरच होते. पैसा गटांच्या वर्गणीचा होता.

त्यानंतर आम्ही जे शिकलो ते सांगतो. प्रिंटर स्वस्त का महाग, हे त्याच्या किमतीवर नाही, पानाच्या खर्चावर ठरते. बाजारात घरगुती प्रिंटर मुख्यतः तीन तऱ्हेचे. पहिला आमच्यासारखा, छोट्या कार्ट्रिजचा. दुसरा टाकीचा, त्याला इंक टँक म्हणतात. बाजूला चार रंगांच्या छोट्या टाक्या असतात आणि आपण बाटलीने शाई ओततो. एप्सन, कॅनन, एचपी, ब्रदर या सगळ्या कंपन्यांचे असे प्रिंटर मिळतात. तिसरा लेझर, त्यात ओली शाई नसतेच, कोरडी भुकटी असते आणि ती उष्णतेने कागदावर चिकटवली जाते.

टाकीचा प्रिंटर आम्हांला 13,500 रुपयांना पडला. काळ्या शाईची बाटली 400 रुपयांची. अशा एका बाटलीवर चार ते सहा हजार पाने निघतात असे कंपन्या सांगतात. पण थांबा. हा आकडा ज्या नमुन्याच्या पानांवर काढतात, त्यांवर शाई जेमतेम पाच टक्के जागेवर असते. आपल्या पासबुकाच्या झेरॉक्समध्ये फोटो, शिक्का, काळपट कडा, सगळे येते. म्हणून आम्ही दोन हजारच पाने धरली. तरी पानाला शाईचे 20 पैसे. पाचशे कागदांचा गठ्ठा 280 रुपयांना, म्हणजे कागदाचे 56 पैसे. एकूण 76 पैसे. दोन प्रिंटरच्या किमतीतला 9,900 रुपयांचा फरक साधारण साडेअकराशे पानांत भरून निघतो. आमची महिन्याला दीडशे पाने होतात, म्हणजे आठ महिने. तुमच्याकडे महिन्याला वीसच पाने होत असतील तर हा हिशोब वेगळा येईल, तो बैठकीत आधी मांडा.

मग लेझर का नाही? फक्त कागदपत्रे काढायची असतील आणि कधीतरीच, तर काळा लेझर चांगला. त्याची भुकटी वाळत नाही. पण फोटो त्यावर होत नाहीत. शिवाय तो छापताना पाचशे वॅट किंवा त्याहून जास्त वीज ओढतो, घरच्या छोट्या इन्व्हर्टरला ते झेपेलच असे नाही. टाकीचा प्रिंटर दहा-वीस वॅटमध्ये चालतो. भारनियमनाच्या गावात ही गोष्ट छोटी नाही. आणि एक सावधगिरी: इंकजेटचा चकचकीत फोटो कागद लेझरमध्ये कधी घालू नका, आतल्या उष्णतेने त्याचा थर वितळून रोलरला गुंडाळतो.

फोटोचे म्हणाल तर आपल्याला लग्नाचा अल्बम काढायचा नाही. चार रंगांचा साधा टाकीचा प्रिंटर पासपोर्ट फोटोला पुरतो. सहा रंगांचे प्रिंटर मिळतात, त्यांत चेहऱ्याचा रंग जास्त चांगला उतरतो, पण किंमतही चढते. खरा फरक कागदाने पडतो. साध्या कागदावर फोटो काढून मग प्रिंटरला नावे ठेवू नका. चार बाय सहा इंचाचा 180 ते 230 जीएसएमचा फोटो कागद घ्या. पासपोर्ट फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा धरला तर आडवे लावून एका कागदावर आठ बसतात. आमच्या एका काकूंनी पहिल्यांदा स्वतःचे आठ फोटो एकदम पाहिले तेव्हा म्हणाल्या, आता मरेपर्यंत पुरतील!

शाईबद्दल दुकानात एक प्रश्न जरूर विचारा, काळी शाई पिगमेंट आहे का डाय? डाय शाई पाण्याच्या थेंबाने पसरते. पिगमेंट बऱ्यापैकी टिकते. पावसात पिशवीतून कागद नेणाऱ्या बायकांना हे कामाचे आहे. प्रिंटर स्कॅनरवाला घ्या, म्हणजे झेरॉक्सही त्यावरच होते. वायफाय नसलेला हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो, पण आपल्याकडे संगणक कुठे आहे? वायफाय डायरेक्ट असेल तर इंटरनेट नसतानाही मोबाईलवरून थेट छापता येते. दुरुस्ती केंद्र किती लांब, हेही विचारा. वॉरंटीत बहुधा एक वर्ष किंवा ठरावीक पाने, यांपैकी आधी जे होईल ते, असे लिहिलेले असते. बिल गटाच्या नावाने घ्या. स्वस्तातली नकली शाई ओतली आणि त्यामुळे बिघाड झाला तर वॉरंटी हातची जाते.

आता सांभाळणे. टाकीच्या प्रिंटरचा शत्रू म्हणजे तो नुसता पडून राहणे. शाई ज्या बारीक छिद्रांतून येते ती वाळून बुजतात, आणि उन्हाळ्यात लवकर. आठवड्याला एक रंगीत पान काढायचेच. छिद्रे बुजली तर साफ करायची सोय प्रिंटरमध्येच असते, पण त्यात शाई बरीच जाते, म्हणून ऊठसूट करायची नाही. बंद करताना आधी प्रिंटरचे बटण, मग बोर्डाचे. बटणाने बंद केला की छपाईचे डोके आपल्या जागी जाऊन झाकले जाते. मध्येच लाईट गेली तर ते उघडे राहते, म्हणून लाईट आल्यावर एकदा चालू करून परत बटणाने बंद करावा. शाई खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नका, नळ्यांत हवा शिरते. आणि भरलेल्या टाक्यांचा प्रिंटर वाकडा करून मोटारसायकलवरून या घरून त्या घरी न्यायचा नाही! आमच्याकडे हा प्रकार एकदा झाला, सचिव ताईंची साडी निळी झाली. कागद पावसाळ्यात डब्यात ठेवा, ओला कागद अडकतो. रात्री वर कापड टाका, पाली आणि झुरळांना ही जागा फार आवडते.

कागदपत्रांची जबाबदारी मात्र प्रिंटरपेक्षा मोठी. आधार डाऊनलोड करून काळ्या-पांढऱ्यात साध्या कागदावर काढले तरी चालते, रंगीत आणि प्लास्टिकच्या कार्डाचा आग्रह नको. जिथे पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार काढून द्या. काम झाले की जिच्या मोबाईलवरून छापले तिने दुसरीचे फोटो आणि फाईल तिच्यासमोर पुसून टाकायच्या. बिघडलेली प्रत फाडूनच टाकायची, चुलीत गेली तर उत्तम. आमच्याकडे एकीने अशाच प्रतीची पुडी बांधून दुसऱ्या घरी शेंगदाणे पाठवले होते.

दर आम्ही असे ठेवले आहेत: सदस्यांना पान दोन रुपये, बाहेरच्यांना तीन, आठ फोटो 40 रुपये. प्रत्येक पानातले 50 पैसे शाई आणि दुरुस्तीसाठी वेगळ्या वहीत. छापलेले प्रत्येक पान नोंदवायचे, अध्यक्षांच्या नातवाचा गृहपाठ असला तरी. यावरून एकदा थोडे वाजले, पण नोंद झाली.

रविवारच्या रंगीत पानाची पाळी गटागटांत वाटून दिली आहे. या रविवारी ती वरच्या आळीतल्या गटाची आहे, आणि त्यांनी हे रेडिओवर ऐकले असेल असे आम्ही धरतो.