याझचा क्रमांक

उत्तर आफ्रिकेतल्या अमाझिग लोकांच्या झेंड्यावर निळा, हिरवा आणि पिवळा असे तीन पट्टे असतात आणि मधोमध एक लाल अक्षर. एक उभी रेघ, तिच्या वरच्या टोकाला वर उघडणारी कमान, खालच्या टोकाला खाली उघडणारी. हात उंचावून, पाय रोवून माणूस उभा असावा तसं ते दिसतं. त्याचं नाव याझ. 'अमाझिग' या शब्दातला झ तो हाच.

याझची लिपी तिफिनाघ. तिची पूर्वज लिबिक लिपी ट्युनिशियात दुग्गा इथल्या दोन हजार वर्षांहून जुन्या शिलालेखांत प्युनिक मजकुराशेजारी कोरलेली आहे. पुढे उत्तरेकडे ही लिपी मागे पडली. सहारातल्या तुआरेग लोकांनी मात्र ती सोडली नाही. वाळूत बोटानं अक्षरं काढून त्यांच्याकडे ती शिकवली जाते. १९६०च्या दशकात पॅरिसमधल्या बर्बर अकादमीनं तिला नवं रूप दिलं. २००१ साली मोरोक्कोत अमाझिग संस्कृतीची राजसंस्था स्थापन झाली आणि २००३मध्ये शाळांसाठी अरबी, रोमन व तिफिनाघ यांतून तिफिनाघची निवड झाली.

मुलांच्या पुस्तकांत अक्षर आलं, पण संगणकाच्या लेखी ते अजून नव्हतंच. फॉन्टमध्ये रोमन झेडच्या जागी याझचं चित्र बसवलेलं असायचं. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की झेंड्यावरचं अक्षर नाहीसं होऊन तिथे नुसता झेड उरायचा. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडून रोमन अक्षरांचा कचरा पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. माझे स्वतःचे दोन जुने लेख असेच गेले, आणि त्याची हळहळ अजून आहे.

मार्च २००५मध्ये, प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक म्हणजे संकेत देणाऱ्या युनिकोडच्या ४.१ आवृत्तीत तिफिनाघला ५५ संकेत मिळाले. याझचा संकेत २डी६३, म्हणजे आपल्या दशमान मोजणीत ११,६१९. यूटीएफ-८ पद्धतीनं साठवताना त्याचे तीन बाइट होतात: २२६, १८१, १६३. आता फॉन्ट कोणताही असो, याझ तो याझच.

खरं अवघड काम मात्र वेगळंच होतं. तिफिनाघ एक नाही. प्रदेशागणिक तिची अक्षरं बदलतात. तावेल्लेमेत बोलीच्या तुआरेगांचा याझ भाल्याच्या टोकासारखा असतो. त्याला पुढचाच, ११,६२०वा क्रमांक स्वतंत्र दिला आहे. उलट आयर भागात जे चिन्ह 'घ' म्हणून वाचतात, तेच आद्रारमध्ये 'ज' ठरतं. त्याला मात्र एकच संकेत. क्रमांक दिला आहे तो आकाराला, उच्चाराला नव्हे. आपल्याकडे याच्या नेमकं उलट आहे: मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल दिसायला वेगळे, पण संकेत एकच, वळण ठरवतो फॉन्ट. हीच रीत तिफिनाघला लावली असती तर फॉन्ट बदलताच एका गावचा 'घ' दुसऱ्या गावच्या भलत्याच अक्षरासारखा दिसला असता आणि वाचणारा फसला असता. म्हणून हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्यांनी तो घेतला त्यांनी मोरोक्कोतल्या शाळांच्या प्रमाण लिपीपुरतं न पाहता वाळूत लिहिणाऱ्यांचाही विचार केला.

यादी तिथेच थांबली नाही. २०१०मध्ये तुआरेगांच्या जोडाक्षरांसाठी व्यंजनं जोडणारं चिन्ह आलं, २०१२मध्ये ये आणि यो हे दोन स्वर. मराठीच्या 'ॲ'लाही स्वतःचा संकेत २००८पर्यंत नव्हता. तोवर आपण अ वर चंद्र देऊन वेळ भागवत होतो.

'अमाझिग' हा शब्द तिफिनाघमध्ये सहा अक्षरांचा आहे: या, याम, या, याझ, यी, याघ. संगणकात त्याचे होतात अठरा बाइट, आणि त्यांतला दहावा, अकरावा आणि बारावा याझचा.