जुनी छायाचित्रे आणि यंत्राची साक्ष

शाळा-वसतिगृहांच्या जुन्या समूहछायाचित्रांत खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांची नावे खाली छापलेली असतात. मागे उभ्या असलेल्या मुलांची क्वचितच. पलूस, कुंडल, किर्लोस्करवाडी परिसरातील ही मुले. कित्येकांच्या घरात शाळेची पायरी चढणारी ती पहिलीच पिढी. आता संगणक त्यांची नावे सांगेल, अशी आशा अनेक माजी विद्यार्थी आमच्याजवळ व्यक्त करतात. ती सर्वस्वी निराधार नाही.

चेहरा ओळखणारी प्रणाली चेहऱ्याचे रूपांतर आकड्यांच्या मालिकेत करते. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या 'फेसनेट'मध्ये एका चेहऱ्यासाठी १२८ आकडे होते. दोन मालिका जितक्या जवळ, तितकी ती एकच व्यक्ती असण्याची शक्यता अधिक. म्हणजेच तुलनेसाठी, नाव ठाऊक असलेले दुसरे छायाचित्र हवेच. ज्यांच्या घरी कोणी कधी स्टुडिओत गेलेच नाही, त्यांच्याबाबत यंत्र मुके राहते. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, संग्रहातील सर्वांत जवळचा परका चेहरा पुढे करते. जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. चेहऱ्यावरून केवळ स्त्री की पुरुष एवढेच ओळखताना गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के होती. काळ्या-सावळ्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली.

चित्र 'स्पष्ट' करणारी प्रणाली तर पुसलेला तपशील परत आणतच नाही. असंख्य चेहऱ्यांवर शिकलेले यंत्र रिकाम्या जागी संभवनीय तपशील रंगवते. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' प्रणालीला बराक ओबामांचे अंधुक चित्र दिले, तेव्हा बाहेर आला तो एका गोऱ्या माणसाचा चेहरा! आपल्या आजीचा चेहराही असाच उजळ, नितळ होऊन येईल आणि कपाळावरचे गोंदण नाहीसे होईल.

सावित्रीबाई फुले व फातिमा शेख यांची म्हणून अनेक सुधारलेली, रंगवलेली चित्रे आज फिरतात. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ती एक ओळ या सर्व चित्रांहून मोलाची वाटते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सैनिकांची छायाचित्रे ओळखण्यासाठी २०१८ पासून एक उपक्रम चालतो. तेथे यंत्र केवळ संभाव्य चेहरे सुचवते. गणवेश, पदचिन्हे, लष्करी नोंदी पडताळून निर्णय माणूस घेतो. आमच्या मते आपल्यालाही हीच रीत योग्य. पाटीवरचे वर्ष, मागची इमारत, शाळेचे जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि हयात असलेल्या वडीलधाऱ्यांची आठवण, यांचा मेळ बसला तरच नाव पक्के मानावे.

ज्यांच्या घरी अशी छायाचित्रे असतील, त्यांनी मूळ प्रत फाटक्या कडांसह आहे तशी स्कॅन करावी, मागची अक्षरेही. सुधारलेली प्रत वेगळी ठेवून तिच्यावर तसे नमूद करावे. नाव कोणी व केव्हा सांगितले, तेही लिहावे; मात्र मागील बाजूस मऊ पेन्सिलीनेच, कारण बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो.