विश्लेषण : एकाच लॅपटॉपवरून दहा रोबो कसे चालवतात? ऐन प्रात्यक्षिकात गोंधळ का होतो?

एक छोटा रोबो मोबाइलवरून पुढे-मागे करणे आता नवलाचे राहिलेले नाही. शाळेतली मुलेही सुटीतल्या वर्गात तो बनवतात. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एक चक्कर मारली की सगळे सुटे भाग मिळतात. पण रोबो एकाचे सहा किंवा दहा झाले आणि सगळ्यांना एकाच लॅपटॉपवरून हुकूम द्यायचे ठरले, की चित्र बदलते. काल रात्री खोलीत छान चालणारा प्रकल्प आज परीक्षकांसमोर जागचा हलत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, हलतो तो थांबतच नाही. मोटार तीच, बॅटरी तीच, कोडही तोच. मग बिघडते काय?

बहुतेक वेळा उत्तर रोबोत नसते. ते लॅपटॉप आणि रोबोच्या मधल्या हवेत असते.

हवा एकच, बोलणारे अनेक

हौशी रोबोंमधली बहुतेक बिनतारी मोड्युल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. त्यामुळे तिथे गर्दीही तेवढीच. वायफाय, ब्लूटूथ हेडफोन, बिनतारी माउस सगळे तिथेच. दोघांनी एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर संदेश सोडले तर दोन्ही बिघडू शकतात. रिकाम्या खोलीत चाललेला रोबो भरल्या सभागृहात अडखळतो तो यामुळे. तिथे प्रत्येकाच्या खिशात फोन असतो.

बाहेरची गर्दी आपल्या हातात नाही. निदान आपल्याच रोबोंनी एकमेकांवर ओरडू नये, एवढे मात्र करता येते. त्याची सर्वांत सोपी रीत आपण सगळ्यांनी शाळेत पाहिली आहे, ती म्हणजे हजेरी. बाईंनी रोल नंबर पुकारायचा, ज्याचा नंबर त्यानेच ‘हजर’ म्हणायचे, बाकीच्यांनी गप्प बसायचे. इथे लॅपटॉप म्हणजे बाई. प्रत्येक रोबोला एक क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक हुकमात तो घालायचा. हुकूम सगळ्यांना ऐकू जातो, पण पाळतो तो एकच.

असा हुकूम पाच बाइटमध्ये बसतो. पहिला बाइट ‘संदेश सुरू झाला’ हे सांगणारा, दुसरा रोबोचा क्रमांक, तिसरा आणि चौथा डाव्या-उजव्या चाकांचा वेग, पाचवा पडताळणीचा. आधीच्या आकड्यांची बेरीज या पाचव्या बाइटमध्ये असते. रोबो स्वतः बेरीज करून पाहतो, जुळली नाही तर संदेश सोडून देतो. हा पाचवा बाइट अनेकजण गाळतात आणि मग रोबो मधूनच भलतीकडे का वळतो, याचा शोध मोटारीत घेत बसतात.

आता थोडे गणित. एक्सबीसारख्या मोड्युलवर सिरियलचा मूळ वेग सेकंदाला ९,६०० बिट असतो. सिरियलमध्ये एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. दहा रोबोंना प्रत्येकी पाच बाइट, असे ५० बाइट पाठवायला सुमारे ५२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला १९ फेऱ्या, ठीकच. पण प्रत्येक रोबोने बॅटरी, सेन्सर वगैरेंचे २० बाइटचे उत्तर द्यायचे ठरवले, की एका फेरीत २५० बाइट होतात आणि ती २६० मिलिसेकंदांवर जाते. अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाने धावणारा रोबो तेवढ्या वेळात १३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. दोन रोबोंची टक्कर व्हायला एवढे अंतर पुरते.

उपाय दोन. सिरियलचा वेग १,१५,२०० केला तर हीच फेरी कागदावर २२ मिलिसेकंदांत संपते. आणि बॅटरीची खबर प्रत्येक फेरीत मागायची गरजच नसते, दहा सेकंदांतून एकदा पुरते.

ब्लूटूथ सातवर का अडते?

नवशिक्यांचे पहिले मोड्युल बहुधा एचसी-०५. स्वस्त, सोपे आणि एका रोबोसाठी उत्तम. मात्र या जुन्या ब्लूटूथमध्ये जोडलेल्या उपकरणाचा पत्ता तीन बिटांचा असतो. तीन बिटांत आठ आकडे बसतात. त्यातला शून्य सर्वांना उद्देशून बोलण्यासाठी राखीव, उरले सात. एका मुख्य उपकरणाला एका वेळी सातच सक्रिय साथीदार जोडता येतात, ते यामुळे. लॅपटॉपवर प्रत्येक रोबोचा वेगळा कॉम पोर्ट उघडावा लागतो आणि एक जोडणी तुटली की प्रोग्राम तिची वाट पाहत अडकतो, ही डोकेदुखी निराळी.

शिवाय नावाचा घोळ. नव्या मोड्युलचे नाव बहुधा ‘एचसी-०५’ आणि पिन ‘१२३४’ असतो. आमच्या अंतिम वर्षाच्या प्रदर्शनात पाच-सहा गटांची मोड्युल याच नावाची होती. आम्ही यादीतले एक निवडले, ‘पुढे जा’ म्हटले आणि शेजारच्या गटाची गाडी त्यांच्या टेबलावरून थेट खाली गेली. चाक निखळले. पुढचा अर्धा तास आम्ही फेव्हिक्विक शोधत होतो. दोन एटी कमांड देऊन मोड्युलचे नाव आणि पिन बदलायला पाच मिनिटे लागतात, ती आधी काढावीत.

स्वस्त रेडिओ की वायफाय?

दहा रोबोंसाठी एनआरएफ२४एल०१ हे मोड्युल चांगला पर्याय ठरते. लॅपटॉपला यूएसबीने एक अर्डुइनो जोडायचा, त्यावर एक मोड्युल आणि प्रत्येक रोबोवर एकेक. एका संदेशात ३२ बाइटपर्यंत मजकूर जातो आणि पोच आपोआप मिळते. ‘याला सहाच पाइप असतात, मग सहाच रोबो चालणार’ हा गैरसमज मात्र सर्रास आढळतो. सहाची मर्यादा एकाच वेळी किती पत्त्यांवर कान ठेवायचा याची आहे. पाठवताना पत्ता दरवेळी बदलता येतो, त्यामुळे हजेरीच्या पद्धतीने सहापेक्षा कितीतरी जास्त रोबो हाताळता येतात.

एक गोष्ट क्वचितच कोणी सांगते. या मोड्युलवर २५२५ मेगाहर्ट्झपर्यंतचे चॅनेल निवडता येतात. वायफायपासून लांब म्हणून शंभराच्या पुढचा चॅनेल लावा, असा सल्लाही मिळतो. पण आपला परवानामुक्त पट्टा २४८३.५ ला संपतो. चॅनेल १ म्हणजे २४०१ मेगाहर्ट्झ या हिशेबाने आपण ८३ च्या आत राहायला हवे. वायफायचे नेहमीचे १, ६ आणि ११ हे चॅनेल साधारण २४७३ पर्यंत पसरतात. त्यामुळे ७५ ते ८० च्या दरम्यान बऱ्याचदा मोकळी जागा सापडते.

आणखी एक, मोड्युल मधूनच गप्प होत असेल तर कोडला हात लावण्याआधी त्याच्या वीजपुरवठ्याच्या दोन पिनांवर दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहा. मोटार सुरू होताना व्होल्टेज घसरते आणि रेडिओ झोपतो.

ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ वापरले तर वायफाय बोर्डातच असते आणि लॅपटॉपला वेगळे काही जोडावे लागत नाही. इथे फसायला होते ते नेटवर्कमुळे. कॉलेजच्या वायफायवर लॉगिनचे पान उघडते, रोबो ते कसे भरणार? मोबाइल हॉटस्पॉटवर मोजकीच उपकरणे बसतात. हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असेल तर या दोन्ही बोर्डांना तो दिसतच नाही. घरातला जुना राउटर सोबत नेणे सर्वांत सोपे. त्याला इंटरनेट लागत नाही, फक्त वीज लागते.

वायफायवर हुकूम टीसीपीने पाठवायचे की यूडीपीने, हाही प्रश्न येतो. टीसीपी हरवलेला संदेश पुन्हा पाठवते आणि तोपर्यंत पुढचे अडवून धरते. फाइल पाठवताना हे हवेच असते. रोबोला मात्र अर्ध्या सेकंदापूर्वीचे ‘डावीकडे वळ’ आता मिळून उपयोग काय? हरवले तर हरवले, पुढचा ताजा हुकूम येतोच आहे. त्यामुळे चाकांच्या वेगासाठी यूडीपी बरे.

हजार रोबो असतील तर?

रोबोकप या जागतिक स्पर्धेच्या स्मॉल साइज लीगमध्ये १८ सेंटिमीटर व्यासाचे रोबो नारिंगी गोल्फ चेंडूने फुटबॉल खेळतात. मैदानावरचे कॅमेरे रोबोंच्या डोक्यावरच्या रंगीत ठिपक्यांवरून कोण कुठे आहे ते ओळखतात. मैदानाबाहेरचा संगणक डावपेच ठरवतो आणि बिनतारी हुकूम सोडतो. घरी हेच काम वेबकॅम, ओपनसीव्ही आणि रोबोवर चिकटवलेल्या छापील अरुको खुणांनी होते.

संख्या हजारावर गेली की ही पद्धत पुरत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये १,०२४ किलोबोट एकत्र आणून त्यांच्याकडून आकृत्या करून घेतल्या. त्यांनी एकेकाला हुकूम दिले नाहीत. वरून इन्फ्रारेडने सगळ्यांना एकच प्रोग्राम दिला, नंतर प्रत्येक जण शेजाऱ्यांशी बोलून आपली जागा शोधत गेला. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीतल्या बीटिंग रिट्रीटमध्ये हजार ड्रोन उडाले. अशा शोमध्येही प्रत्येक ड्रोनचा मार्ग सहसा आधीच त्याच्यात भरलेला असतो. म्हणजे रोबो वाढतात तसे मधल्या संगणकाने कमी बोलायचे असते.

हुकूम पोहोचलाच नाही तर?

हा प्रश्न सर्वांत शेवटी सुचतो आणि नुकसान सर्वांत जास्त याच जागी होते. अनेकांच्या कोडमध्ये रोबो शेवटचा हुकूम पाळतच राहतो. शेवटचा हुकूम ‘पुढे’ असेल आणि नेमका तेव्हा लॅपटॉप स्लीप मोडमध्ये गेला, तर रोबो भिंत येईपर्यंत पुढेच जाणार. म्हणून प्रत्येक रोबोत घड्याळ लावायचे. ३०० मिलिसेकंदांत वैध हुकूम आला नाही तर दोन्ही चाकांचा वेग शून्य. ‘सगळे थांबा’ हा हुकूम एकदा नव्हे, तर लागोपाठ दहा-वीस वेळा पाठवायचा. आणि प्रत्येक रोबोवर हाताने बंद करता येईल असे बटण वरच्या बाजूला हवे. पोटाखाली बसवलेले बटण पळत्या रोबोत दाबता येत नाही.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी एक चाचणी जरूर करा. सगळे रोबो पूर्ण वेगाने सोडा आणि लॅपटॉपची यूएसबी केबल उपटा किंवा राउटर बंद करा. नंतर प्रत्येक रोबो किती अंतरावर थांबला ते टेपने मोजा. अर्धा मीटर प्रतिसेकंद वेग आणि ३०० मिलिसेकंदांची मुदत असेल तर घसरण धरून तो वीतभर अंतरात थांबायला हवा. एखादा हातभर गेला, तर त्याच्यात जुना कोड राहिला आहे.