सी मधून डी मध्ये, पण छप्पर एकच

वाशी तालुक्यातले, सोलापूर–धुळे महामार्गावरचे तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखले जाते आणि फटाक्याच्या धंद्यात दारूइतकाच कागदही लागतो. १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांच्याखाली परवाने, नूतनीकरणे, नकाशे, साठ्याच्या नोंदी सांभाळाव्या लागतात. यातले बरेच काही आता स्कॅन होऊन संगणकात जाते. सेवा केंद्रातले दाखले आणि स्टुडिओतले लग्नाचे फोटो यांचीही तीच गत. मग एके दिवशी ‘धिस पीसी’ उघडल्यावर सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसते. शेजारचा डी मात्र रिकामा असतो. कोणीतरी सुचवतो, वनड्राइव्हचे फोल्डर उचल आणि टाक डी मध्ये. सल्ला वाईट नाही. पण त्यातून जागेचा प्रश्न सुटतो, सुरक्षिततेचा सुटत नाही, आणि लोक नेमके हे दोन प्रश्न एक समजतात.

हे फोल्डर साध्या फोल्डरसारखे दिसते, पण तसे नसते. वनड्राइव्ह असो, गुगल ड्राइव्ह असो की ड्रॉपबॉक्स, त्यांचे ॲप या फोल्डरात काय काय आहे याची यादी स्वतःकडे ठेवते आणि सर्व्हरवरच्या, म्हणजे क्लाउडवरच्या, यादीशी ती सतत ताडून पाहते; यालाच सिंक म्हणतात. इथे फाइल वाढली की तिथे वाढते, इथली गेली की मालकाने ती काढून टाकली असे धरून तिथलीही काढली जाते. तिथून मग ती मोबाइलवरून आणि दुसऱ्या संगणकावरूनही नाहीशी होते. संपूर्ण मुख्य फोल्डरच जागेवरून हलवले तर ॲप सहसा थांबते आणि फोल्डर सापडत नाही अशी तक्रार करते. घात होतो तो आतले ‘परवाने २०२३’ सारखे एखादे फोल्डर कट करून डी मध्ये पेस्ट केल्यावर. संगणकावर ते डी मध्ये दिसते, म्हणून माणूस निश्चिंत असतो, पण क्लाउडवरची प्रत तोवर कचरापेटीत गेलेली असते. गुगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते आणि घरगुती वनड्राइव्ह खात्याचीही मुदत साधारण तेवढीच आहे. नूतनीकरणाचा कागद वर्षातून एकदा लागत असेल, तर ही मुदत निघून गेल्यावरच चूक कळणार.

म्हणून जागा बदलायची ती ॲपला सांगूनच. ड्रॉपबॉक्समध्ये सेटिंगमधल्या सिंक या भागात फोल्डर हलवण्याची सोयच आहे. वनड्राइव्हमध्ये आधी ‘अनलिंक धिस पीसी’ करायचे, मग फोल्डर डी मध्ये न्यायचे आणि पुन्हा साइन इन करताना तीच नवी जागा दाखवायची. अनलिंक या शब्दाला घाबरायचे कारण नाही, त्याने क्लाउडवरचे काही पुसले जात नाही. मात्र त्याआधी फाइलींवरची चिन्हे बघावीत. निळा ढग असेल तर ती फाइल संगणकात नाहीच, फक्त तिचे नाव आहे. अशा फाइली डी मध्ये न्यायला गेलात तर त्या आधी उतरवून घ्याव्या लागतात, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या केंद्राचा दिवसभराचा डेटा त्यातच संपतो. शिवाय कट करण्यापेक्षा कॉपी करणे शहाणपणाचे. मध्येच वीज गेली तर कटमध्ये अर्ध्या फाइली इकडे आणि अर्ध्या तिकडे राहतात. कॉपीत मूळ शाबूत असते. फाइलींची संख्या आणि आकार जुळला, चार-दोन फाइली उघडून पाहिल्या, की मग जुने पुसावे.

यावर कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला? ‘फ्री अप स्पेस’ दाबले की फाइली क्लाउडवर राहतात आणि सी मोकळा होतो. खरे आहे, आणि जुन्या फोटोंसाठी तेच करावे. पण अर्जाची शेवटची तारीख असताना नेट गेले, तर निळ्या ढगातली फाइल उघडत नाही. रोज लागणारे कागद डिस्कवरच हवेत. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: क्लाउडवर प्रत आहेच, मग भीती कसली? भीती हीच, की ती प्रत स्वतंत्र नाही, ती आपल्या हाताची नक्कल करते. आपण चुकून पुसले तर तीही पुसली जाते. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, तर ॲप कुलूपबंद फाइलीच इमानेइतबारे वर चढवते.

आणि डी तरी वेगळा असतो का? पुष्कळ लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग करून त्यांना सी आणि डी म्हटलेले असते. डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर ‘डिस्क ०’ पुढे सी आणि डी दोन्ही अक्षरे दिसली, तर समजावे की छप्पर एकच आहे. फटाक्याच्या कारखान्यात मिश्रणाची शेड आणि तयार मालाचे गोदाम यांच्यात अंतर राखावे लागते, कारण एकीकडे ठिणगी पडली तर दुसरे वाचले पाहिजे. कागदांच्या बाबतीत ते अंतर म्हणजे कशालाही न जोडलेली, कपाटात ठेवलेली एक बाहेरची हार्डडिस्क. वनड्राइव्हचे फोल्डरच त्या हार्डडिस्कवर नेऊन ठेवणे मात्र उलटे काम. ती वारंवार काढता-लावता सिंक अडखळते आणि वेगळी प्रत शेवटी होतच नाही.

सगळेच सांभाळायला हवे असेही नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात ऑनलाइन मिळतो, तो पुन्हा काढता येतो. आजोबांच्या नावाचे जुने खरेदीखत, शेडचा मंजूर नकाशा, ग्राहकांची उधारी, लग्नाचे मूळ फोटो यांची दुसरी प्रत कुठल्याच सरकारी संकेतस्थळावर सहज सापडायची नाही. कपाटातल्या हार्डडिस्कवर पहिला मान यांचा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा तर सिंकच्या फोल्डरात ठेवूच नये. तो एकाच वेळी अनेक फाइलींत लिहिला जात असतो आणि ॲप त्यातली अर्धवट अवस्था उचलू शकते. सॉफ्टवेअर बंद करून त्याचा बॅकअप घ्यावा आणि ती बॅकअप फाइल तेवढी क्लाउडवर टाकावी. फोल्डर सी मधून डी मध्ये गेल्यावर अशा सॉफ्टवेअरमधला आणि एक्सेलच्या जोडलेल्या पत्रकांमधला जुना पत्ताही बदलावा लागतो. जुने पुसण्याआधी हे एकदा तपासले, तर पुढे मार्चच्या गर्दीत ‘फाइल सापडत नाही’ ही पाटी बघत बसावे लागत नाही.