टीमक्समध्ये रंग जातात कुठे?

माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. पण हा विषय मराठीतच लिहायचं ठरवलं, कारण सबमिशनच्या आदल्या रात्री यानेच आमच्या अख्ख्या ग्रुपचं डोकं फिरवलं होतं.

झालं असं, की प्रोजेक्टचं सिम्युलेशन लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर रात्रभर चालवायचं होतं. होस्टेलचं नेट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून टीमक्स वापरलं. टीमक्स किंवा त्याचा थोरला भाऊ ग्नू स्क्रीन (जन्म १९८७) म्हणजे टर्मिनल मल्टिप्लेक्सर. एका खिडकीत अनेक टर्मिनल्स, आणि कनेक्शन तुटलं तरी आतलं काम चालूच! पण आत विम उघडला आणि रंगांचा बट्ट्याबोळ. दोन फाइल्समधला फरक बघायचा होता, तर सगळंच भडक, अक्षरही दिसेना. त्या गोंधळात पार्टनरने बरोबर असलेल्या ओळीच उडवल्या.

एका सीनिअरने उपाय सांगितला : बॅश-आरसी फाइलमध्ये 'टर्म' या व्हेरिएबलला 'एक्सटर्म-२५६कलर' ही व्हॅल्यू देऊन टाका. दिली. रंग आले! पण सर्व्हरवरचं टीमक्स जुनं, त्यामुळे बॅकग्राउंड ठिगळांसारखं : अक्षरं आहेत तिथे रंग, रिकाम्या जागी काळं.

असं का? मित्रांनो, विमला तुमचा स्क्रीन दिसत नाही. तो फक्त 'टर्म' वाचतो आणि टर्मइन्फो नावाच्या डेटाबेसमध्ये बघतो, की या नावाच्या टर्मिनलला काय काय जमतं. टीमक्स चालू असताना टर्मिनल्स दोन असतात. बाहेरचं, म्हणजे तुमची खरी खिडकी, आणि आतलं, म्हणजे स्वतः टीमक्स. विम टीमक्सशी बोलतो, टीमक्स खिडकीशी. आमच्याकडे आतल्या टर्मिनलचं नाव नुसतं 'स्क्रीन' होतं आणि टर्मइन्फोत त्याच्यापुढे रंग फक्त ८. सीनिअरच्या ओळीने आम्ही विमशी खोटं बोललो. त्याने एक्सटर्मची भाषा वापरली, आणि जुन्या टीमक्सला ती पूर्ण येत नव्हती.

आता उपाय. (कमांड्स इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थात इंग्रजीत करा!)

१. टीमक्सच्या बाहेर 'टीपुट कलर्स' चालवा. २५६ यायला हवेत. ८ आले तर आधी टर्मिनल प्रोग्रामचं सेटिंग बघा.

२. तीच कमांड आत चालवा. इथे ८ आले तर टीमक्सच्या कॉन्फ फाइलमध्ये 'डिफॉल्ट-टर्मिनल'ला 'टीमक्स-२५६कलर' द्या. जुन्या सर्व्हरच्या टर्मइन्फोत हे नाव नसेल, तर 'स्क्रीन-२५६कलर' द्या.

३. बॅश-आरसीमध्ये 'टर्म' बदलणारी ओळ असेल तर काढून टाका. नाहीतर ती टीमक्सने दिलेलं नाव पुसते.

४. टीमक्स कॉन्फ फाइल फक्त सर्व्हर सुरू होताना वाचतं. म्हणून 'किल-सर्व्हर' करा असं लोक सांगतात. थांबा! त्याने आत चाललेलं सगळं मरतं. 'सोर्स-फाइल' कमांडने फाइल पुन्हा वाचायला लावा आणि नवीन विंडो उघडा. जुन्या विंडोत जुनंच नाव राहतं, पण काम वाचतं.

५. २५६ पुरत नसतील आणि १ कोटी ६७ लाख रंग हवे असतील, तर बाहेरची खिडकी ते दाखवू शकते हे टीमक्सला वेगळं सांगावं लागतं. ३.२ आवृत्तीपासून त्यासाठी 'टर्मिनल-फीचर्स'मध्ये 'आरजीबी' लिहितात. न सांगितल्यास टीमक्स जवळचा रंग निवडून मोकळं होतं.

आमचं सिम्युलेशन चौथ्या मुद्द्यामुळे वाचलं. नवीन विंडोत फरक स्वच्छ दिसला, उडवलेल्या ओळी जुन्या फाइलमधून परत आणल्या आणि सकाळी सबमिशन झालं. तेव्हापासून आमचा एकच नियम : रंग गेले की आधी दोन्हीकडे 'टीपुट कलर्स', मग सीनिअरचा सल्ला!