सरडगुहिऱ्याचें अंडें



नवापूर हें गांव महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवर वसलेलें आहे. तेथील रेल्वे स्थानकाचा कांहीं भाग एका राज्यांत, तर उरलेला दुसऱ्या राज्यांत मोडतो. या गांवीं कुक्कुटपालनाचा धंदा मोठा. २००६ सालीं कोंबड्यांवर बर्ड फ्लूची सांथ आली, तेव्हां तर हें नांव देशभर ऐकूं आलें. अशा गांवीं अंडीं कशीं उबवावीं हें कोणास शिकवावयास नको. परंतु हीच जाणकारी एका अंड्याच्या बाबतींत घातक ठरेल. तें अंडें सरडगुहिऱ्याचें.

रंग पालटणारा व दोन डोळे दोन दिशांना फिरविणारा हा संथ प्राणी आपल्या परिचयाचा आहे. त्याची मादी अंडीं घालण्यासाठीं झाडावरून खालीं उतरते, जमिनींत बीळ उकरते, त्यांत अंडीं घालून वर माती लोटते आणि निघून जाते. पुन्हां ती तिकडे फिरकत नाहीं. ऊब आणि ओल हीं दोन्ही मातीच पुरविते.

कोंबडीच्या अंड्यास सुमारें ३७.५ अंश सेंटिग्रेड उष्णता व २१ दिवस लागतात. तें वारंवार फिरवावेंहि लागतें, नाहीं तर गर्भ आंतील पापुद्र्यास चिकटतो. सरडगुहिऱ्याच्या अंड्याची तऱ्हा निराळी. त्याचें कवच चिवट कागदासारखें असून तें मातींतील पाणी शोषून फुगतें. आंत बलकास सांवरून धरणाऱ्या दोऱ्या नसतात, आणि गर्भ वरच्या अंगास एके जागीं स्थिर होतो. अंडें उलटलें कीं तो दगावण्याचा संभव असतो. यंत्रांतील ती अखंड उष्णताहि त्यास सोसणारी नव्हे.

आफ्रिका व मादागास्कर येथें याचे बुटके भाऊबंद राहतात. २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं वर्णिलेल्या एका जातीचा नर शेपटीसह अवघा सुमारें २२ मिलिमीटर भरला. परदेशांतील कांहीं हौशी लोक अशा बुटक्या जाती घरीं पाळतात. ते अंडीं ओलसर खनिजाच्या दाण्यांत अर्धवट पुरून डबींत ठेवतात, खोली थंड, म्हणजे वीस ते चोवीस अंशांच्या आसपास राखतात, आणि कित्येक आठवडे त्यांना बोटहि लावीत नाहींत. त्यांचें सारें कौशल्य हात आवरण्यांत आहे.

आपण मात्र हा प्रयोग घरीं करूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सरडगुहिऱ्यास संरक्षण दिलें आहे. आणि त्या कायद्याच्या व्याख्येंत सरपटणाऱ्या प्राण्यांचीं अंडींहि येतात. तेव्हां नांगरतांना अथवा बागेंत खणतांना अशीं अंडीं उघडीं पडलीं, तर तीं घरीं नेऊं नयेत. वरची बाजू वरच ठेवून त्याच जागीं ओलसर मातीनें अलगद झांकावीं. जागा सुरक्षित नसेल, तर वनखात्यास कळवावें. कोंबडीच्या अंड्यास आपली निगा हवी असते. या अंड्यास केवळ स्वस्थता हवी असते, आणि ती देणें आपल्या हातीं आहे.