उत्तर स्थिरावलं, म्हणजे बरोबर आलं का?

थंडीत सकाळी बोटं गारठलेली असताना शर्टाची बटणं लावून बघा. हात तोच, पण हालचाल मंद. स्नायूचं आकुंचन ही शेवटी रासायनिक प्रक्रिया आहे: मायोसिन एटीपीचं विघटन करतं, ॲक्टिनला पकडतं, ओढतं आणि सोडतं. तापमान उतरलं की हे चक्र मंदावतं. गंमत म्हणजे याचा कमाल बलावर तुलनेने कमी परिणाम होतो, कमाल वेगावर मात्र बराच.

ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवरच्या प्रयोगांतून बल आणि वेग यांचं समीकरण मांडलं. कमाल बल आणि कमाल वेग दोन्ही १ धरले आणि स्थिरांक ०.२५ घेतला, तर ते असं दिसतं:

(बल + ०.२५) × (वेग + ०.२५) = ०.३१२५

आता समजा, स्नायू अशा द्रवात काहीतरी ओढतोय, जिथे विरोध वेगाइतकाच आहे. म्हणजे बल = वेग. मग वेग किती?

अंदाज ० घ्या. समीकरणातून बल येतं १. तोच नवा वेग मानून पुन्हा घाला, येतं ०. मग १, मग ०... गाडी तिथेच अडकली! आता दर वेळी जुन्या आणि नव्या किमतीची सरासरी घ्या: ०, ०.५, ०.३३३, ०.३१०, ०.३०९. चार पायऱ्यांत उत्तर स्थिर.

बरं, तापमान १० अंशांनी वाढवू. कमाल वेग दुप्पट झाला, बाकी सगळं तेच, असं धरू. समीकरणात वेगाच्या जागी वेग ÷ २ लिहा. उत्तर येतं ०.४२५. दुप्पट नाही, साधारण १.३८ पटच! कारण वेग वाढला की द्रवाचा विरोधही वाढतो.

पहिल्या वर्षी मी नेमकं इथेच चुकलो. स्थिरांक थंड स्नायूचे, मोजमापं कोमट स्नायूची. प्रोग्रॅम सहा दशांश स्थळांपर्यंत छान स्थिरावत होता, म्हणून दोन आठवडे मी प्रयोगालाच दोष देत बसलो. लक्षात ठेवा, पुनरावृत्तीची पद्धत फक्त तुम्ही लिहिलेलं समीकरण सोडवते. ते योग्य स्नायूचं, योग्य तापमानाचं आहे का, हे तिला कळत नाही. म्हणून वहीत प्रत्येक स्थिरांकाशेजारी तापमान लिहायची सवय आत्ताच लावा.

आणि हो, ०.९ पासून सुरुवात करून दोन्ही पद्धती स्वतः करून बघा.